वेडी झालेली नायिका आणि तिचा इलाज

मुस्लिम मराठी कथेत एक प्रसंग वारंवार भेटतो. तलाक मिळालेली किंवा सवत आलेली बाई खचते, एकटीच बडबडू लागते आणि लेखक तिथेच कथा संपवतो. वाचक हळहळतो. पण त्या बाईचे पुढे काय झाले? तिला दवाखान्यात कोणी नेले का? नेले असेल तर तिचे बोलणे तिथे कोणाला उमगले का? हे प्रश्न कथेबाहेरच राहतात. वेड आमच्या लेखकांना अन्यायाचा पुरावा म्हणून हवे असते. आजार म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते.

याला इतिहास आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तेव्हापासून स्त्रीप्रश्न म्हणजे तलाकचा प्रश्न, हे समीकरण आमच्या लेखनात रुजले. ते आवश्यकही होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ साली कायदा झाला. कायदा बदलला, तरी त्या बाईची उडालेली झोप कायद्याने परत येत नाही.

तिची भाषा आधी ऐकावी लागेल. ती ‘डिप्रेशन’ म्हणत नाही. ‘दिल घबराता’, ‘सर भारी रहता’ म्हणते. डॉक्टर पित्ताची गोळी लिहून देतात. शेजारी नवरा किंवा सासू बसलेली, मग खरे बोलणार कशी? एखादी वजूसाठी तासभर हात धूत राहते. घरचे तिला परहेजगार समजतात, वसवसा ओळखत नाहीत. उलट, धर्माची माहिती नसलेला डॉक्टर साध्या नमाजी बाईलाही रोगी ठरवू शकतो. रमजानात रोजा धरायचा की औषध घ्यायचे, या पेचात अनेकजणी न विचारताच गोळ्या बंद करतात. आजाऱ्याला कुरआनने रोज्याची सवलत दिली आहे, हे तिला डॉक्टरच्या तोंडून कळले तर किती बरे! विधवेच्या इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांतही उपचारासाठी बाहेर पडायला मनाई नाही. हे तपशील आमच्या कथांत का येत नाहीत?

त्याऐवजी येतो तो सब्र. सोसणाऱ्या बाईचे गुणगान आम्ही भरपूर केले. पण खदीजा आणि अबू तालिब गेले ते वर्ष ‘आमुल हुज्न’, दुःखाचे वर्ष, म्हणूनच ओळखले जाते. पुत्रवियोगाने हजरत याकूब यांची दृष्टी गेली. दुःखाला दुःख म्हणणे ही सब्राची कमतरता नव्हे. शरीरासारखेच मनही आजारी पडते, हे दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी लिहून ठेवले आहे.

दर्ग्याच्या चित्रणात तर लेखकांचे सरळ दोन तट आहेत. सुधारकाला तिथे केवळ अंधश्रद्धा दिसते, श्रद्धाळूला केवळ करामत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. हे विसरता येणार नाही. पण गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रमही उभा राहिला. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले आणि दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले. बाईला घरून दर्ग्याला जायची मुभा असते, मनोरुग्णालयात जायची नसते. म्हणून इलाज तिच्या वाटेवर आणून ठेवला. या वाटेवर आमच्या लेखकांची नजर गेलेली नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध ठरवले. धर्म, संस्कृती वा लिंग यांवरून भेद न करता, रुग्णाला व कुटुंबाला स्वीकारार्ह वाटेल अशी सेवा देण्याचे बंधन घातले. २०२२ पासून टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. पण घरातला फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर? कायदा आणि बाई यांच्यामधले हे अंतर मोजण्याचे काम साहित्याचे आहे.

आमच्या कथाकारांनी, विशेषतः लिहू लागलेल्या भगिनींनी, ते हाती घ्यावे. नायिका वेडी झाली तिथे लेखणी खाली ठेवू नये. तिच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसावे, नाव पुकारले जाईपर्यंत थांबावे, आणि आत गेल्यावर ती काय बोलते ते लिहावे.