वेब सर्व्हरची ग्राफिकल साधने : एक चिकित्सा

प्रस्तावना

वेब सर्व्हरवर लक्ष ठेवणे हे काम एकेकाळी काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून आणि लॉग फाईल ओळीओळीने वाचून केले जात असे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून या कामात ग्राफिकल साधनांचा प्रवेश झाला. आज बहुतेक ठिकाणी सर्व्हरची ओळख प्रथम आलेखातून, रंगीत चौकटींतून आणि कंट्रोल पॅनेलच्या बटणांतूनच होते. या साधनांविषयीचे उपलब्ध लेखन प्रामुख्याने दोन प्रकारचे दिसते. एक, ती कशी बसवावीत हे सांगणारे. दुसरे, त्यांच्या सुविधांची यादी देणारे. ही साधने सर्व्हरविषयी नेमके काय सांगतात आणि सांगताना काय गाळतात, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात एमआरटीजी, नॅगिओस, वेबमिन आणि सीपॅनेल या चार प्रचलित साधनांच्या आधारे त्याचा विचार केला आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळाची जबाबदारी अध्यापनाचे काम सांभाळून एखाद्या प्राध्यापकाकडे सोपविली जाते, तेव्हा त्याच्यापुढे साधारणतः हाच पडदा असतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

सरासरीचा आलेख

एमआरटीजी हे साधन टोबियास ओटिकर यांनी १९९४ च्या सुमारास तयार केले. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफोर्ट विद्यापीठात तेव्हा बाह्य जगाशी जोडणारी सेकंदाला ६४ किलोबिट क्षमतेची एकच वाहिनी होती. ती किती भरलेली आहे हे सर्वांना दिसावे, एवढाच मूळ हेतू होता. दर ५ मिनिटांनी मोजणी करायची आणि तिचा आलेख वेबपानावर टाकायचा, ही त्याची रीत. दैनिक आलेखात ५ मिनिटांची सरासरी, साप्ताहिक आलेखात ३० मिनिटांची, मासिक आलेखात २ तासांची आणि वार्षिक आलेखात पूर्ण १ दिवसाची सरासरी दाखविली जाते. १९९९ मध्ये ओटिकर यांनीच आणलेल्या आरआरडीटूलने हीच कल्पना अधिक व्यापक केली. ठरावीक आकाराची फाईल घ्यायची, जुन्या नोंदी आटवीत जायचे, म्हणजे फाईल कधीच फुगत नाही. साठवणुकीची जागा महाग असण्याच्या काळात हा उपाय अत्यंत चतुर होता, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु आटविणे म्हणजे गाळणेही होय. एक साधे उदाहरण घेता येईल. एखाद्या सर्व्हरचा वापर एरवी २० टक्के आहे आणि निकालाच्या दिवशी सकाळी १० मिनिटे तो १०० टक्क्यांवर गेला, असे समजू. ही दहा मिनिटे दोन तासांच्या एकाच टप्प्यात येत असतील, तर मासिक आलेखावर त्या टप्प्याचे मूल्य सुमारे २७ टक्के दिसेल. वार्षिक आलेखावर त्या दिवसाचे मूल्य सुमारे २०.६ टक्के असेल, म्हणजे डोळ्यांना आदल्या दिवसापेक्षा काहीच वेगळे जाणवणार नाही. त्या दहा मिनिटांत पान न उघडलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र संकेतस्थळ बंदच होते. वर्षअखेरीस नवा सर्व्हर घ्यावा की नाही याची चर्चा याच वार्षिक आलेखावर होते आणि 'सरासरी वापर वीस टक्के' हे वाक्य इतिवृत्तात जाते. वाक्य खरे असते. त्यावर घेतलेला निर्णय तेवढा चुकतो.

येथे साधनाला दोष देणे योग्य ठरणार नाही. आरआरडीटूलमध्ये सरासरीबरोबरच कमाल आणि किमान मूल्ये साठविण्याची सोय आहे. एमआरटीजीमध्येही कमाल मूल्याची रेषा काढता येते. पण ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी आपण काय गमावतो आहोत हे आधी ठाऊक असावे लागते. उभ्या अक्षाचेही असेच आहे. स्वतंत्र मर्यादा न दिल्यास आरआरडीटूल समोरच्या आकड्यांना अनुसरून अक्षाचे माप आपोआप ठरवते. परिणामी २ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर झालेली वाढ डोंगराएवढी दिसू शकते. अक्ष न वाचता केवळ आकार वाचण्याची सवय आलेखच लावतात.

काटा आणि त्याचा अर्थ

लोड अॅव्हरेज हा आकडा जवळजवळ प्रत्येक ग्राफिकल साधनात ठळकपणे दिसतो. अनेकदा तो मोटारीच्या वेगदर्शकासारख्या काट्याच्या रूपात असतो. काटा लाल भागात गेला की प्रोसेसर अपुरा पडतो आहे, असा निष्कर्ष सहज काढला जातो. लिनक्समध्ये मात्र या आकड्यात प्रोसेसरसाठी रांगेत असलेल्या प्रक्रियांबरोबरच डिस्कची वाट पाहत अडकून पडलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात. डिस्क मंदावली तर प्रोसेसर मोकळा असूनही लोड २० वर जाऊ शकतो. अशा वेळी अधिक क्षमतेचा प्रोसेसर बसविल्याने काहीच साधत नाही. फक्त खर्च होतो.

याच्या उलट प्रसंग अधिक घातक असतो. अपाचे सर्व्हर प्रीफोर्क पद्धतीने चालत असेल, तर एका वेळी जास्तीत जास्त किती विनंत्या हाताळायच्या याची मूळ मर्यादा २५६ असते. (या मर्यादेचे नाव पूर्वी मॅक्सक्लायंट्स होते; २०१२ मध्ये आलेल्या २.४ आवृत्तीत ते मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स झाले.) डेटाबेस मंदावला की या २५६ प्रक्रिया त्याच्या उत्तराची वाट पाहत बसून राहतात. नवीन विनंत्या दाराशी ताटकळतात. प्रोसेसर मात्र रिकामाच असतो, कारण वाट पाहण्याला प्रोसेसर लागत नाही. प्रोसेसरचा आलेख पूर्ण शांतता दाखवत असताना संकेतस्थळ उघडत नाही, अशी विपरीत स्थिती निर्माण होते. मर्यादा गाठल्याची नोंद अपाचे आपल्या एरर लॉगमध्ये करतो खरा, पण प्रीफोर्क पद्धतीत ती दरवेळी न करता एकदाच करतो. हजारो ओळींतील ती एक ओळ कोणत्याही आलेखावर उमटत नाही.

ती ओळ सापडल्यावर मर्यादा वाढवावी असे वाटणे स्वाभाविक आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये तर आकडा बदलून 'सेव्ह' एवढेच दाबायचे असते. परंतु एका प्रक्रियेला ३० एमबी स्मृती लागते असे धरले, तर २५६ प्रक्रियांनाच सुमारे ७.५ जीबी लागेल. ४ जीबीच्या यंत्रावर ही मर्यादा वाढविण्याऐवजी घटवायला हवी. हा हिशेब पॅनेल मांडत नाही. रकान्यात कोणताही आकडा लिहू देते.

हिरव्या रंगाचे स्वरूप

नॅगिओस हे साधन १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅड यांनी नेटसेंट या नावाने सुरू केले आणि २००२ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. एमआरटीजी मोजते, तर नॅगिओस विचारते : सेवा चालू आहे काय? उत्तरानुसार ओके, वॉर्निंग, क्रिटिकल किंवा अननोन अशी स्थिती रंगासह दाखविली जाते. वेब सर्व्हरसाठीची त्याची नेहमीची तपासणी मुख्यतः एचटीटीपी उत्तराचा संकेतांक पाहते. सर्व्हरने २०० हा संकेतांक दिला की चौकट हिरवी होते. मात्र पुष्कळ संकेतस्थळांत 'डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही' हे पानही २०० याच संकेतांकासह पाठविले जाते. दार उघडले, आत कोणी नव्हते, तरी हजेरी लागली, असा हा प्रकार. पानात विशिष्ट मजकूर आहे की नाही हे तपासण्याची सोय त्याच तपासणीत आहे, पण कोणता मजकूर शोधायचा हे माणसालाच ठरवावे लागते. नॅगिओसची एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. त्याचा पडदा ग्राफिकल असला तरी त्याची मांडणी साध्या मजकूर फाईलमध्ये करावी लागते. ही गैरसोय म्हणून नेहमी सांगितली जाते. वास्तविक, आपण नेमके काय विचारतो आहोत याचा विचार केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, हा तिचा लाभ आहे.

व्यवस्थापनाची दोन रूपे

निरीक्षणाकडून व्यवस्थापनाकडे वळल्यास वेबमिन आणि सीपॅनेल यांची तुलना उद्बोधक ठरते. जेमी कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेले वेबमिन पर्ल भाषेत लिहिलेले असून ते मुक्त आहे. ते सर्व्हरच्या मूळ फाईलच वाचते आणि त्यांतच बदल करते. हाताने लिहिलेल्या ओळी व टिपा ते जागच्या जागी राहू देते. त्यामुळे पडद्यावर बदल करून नंतर फाईल उघडली, तर कोणत्या बटणाने कोणती ओळ लिहिली हे ताडून पाहता येते. सीपॅनेलची रीत निराळी आहे. १९९६ पासूनचे हे व्यावसायिक साधन अपाचेची मुख्य फाईल साच्यांवरून पुन्हा पुन्हा निर्माण करते आणि थेट केलेले बदल पुढच्या वेळी पुसले जाऊ शकतात, असा इशारा त्या फाईलमध्येच देते. शेकडो ग्राहकांची संकेतस्थळे एका यंत्रावर ठेवणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने ही शिस्त रास्त आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र फाईलकडे जाणारी वाट येथे अडविली जाते. २०१९ मध्ये सीपॅनेलने खात्यांच्या संख्येनुसार शुल्क आकारण्याची पद्धत आणली, तेव्हा या परावलंबनाची किंमत अनेकांना रोख मोजावी लागली.

या तुलनेवरून वेबमिन सर्वस्वी उजवे आहे असे मात्र समजू नये. अशी साधने सर्व्हरवर सर्वोच्च अधिकाराने चालतात. वेबमिन तर १०००० क्रमांकाचे स्वतंत्र पोर्टच उघडते. एप्रिल २०१८ मध्ये वेबमिनच्या बांधणीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रात शिरकाव करून संकेतशब्द बदलणाऱ्या एका भागात चोरवाट पेरण्यात आली. सर्वांना खुल्या असलेल्या मूळ संहितेत ती नव्हती. उतरवून घेण्याच्या पॅकेजमध्ये होती. १.८९० या आवृत्तीत ती कोणत्याही विशेष मांडणीशिवाय वापरता येण्यासारखी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रकरण उघडकीस आले आणि १.९३० या आवृत्तीत दुरुस्ती झाली. म्हणजे वर्षाहून अधिक काळ राखणदाराच्याच हातून दार उघडे राहिले होते. २०१२ मध्ये पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनाबाबतही सोर्सफोर्जच्या एका मिरर सर्व्हरवरून असाच प्रकार घडला होता.

अध्यापनातील स्थान

ग्राफिकल साधने अध्यापनातून वगळावीत, असा या चिकित्सेचा रोख नाही. डिस्क हळूहळू भरत जाणे, एखाद्या प्रक्रियेची स्मृती आठवडाभर थोडी थोडी वाढत राहणे, या गोष्टी आलेखावर जशा दिसतात तशा आज्ञांच्या उत्तरात दिसत नाहीत. प्रश्न क्रमाचा आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत आलेखाचे चित्र चिकटविले की निरीक्षण शिकून झाले, असे मानले जाते. त्याऐवजी विद्यार्थ्यासमोर एकाच दिवसाचा अॅक्सेस लॉग आणि त्याच महिन्याचा आलेख शेजारी शेजारी ठेवता येईल. लॉगमधील कोणती दहा मिनिटे आलेखातून नाहीशी झाली, ती कोणत्या सरासरीत विरली आणि कमाल मूल्याची रेषा काढली असती तर ती कोठे दिसली असती, हे त्याला लिहावयास सांगावे. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. अपाचे, आरआरडीटूल आणि एक जुना संगणक पुरेसा आहे.