श्रीमंत रघोजी कोणते?

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने एक तलवार मिळवली. वाहतूक, विमा वगैरे धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आल्याचे जाहीर झाले, आणि १८ ऑगस्टला तलवार मुंबईत पोहोचली. पूर्व विदर्भात या बातमीचे जरा जास्तच अप्रूप होते. गोंदिया-भंडाऱ्याचा आमचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. आप्पासाहेबांचा पाडाव झाल्यावर १८१८ साली कामठ्याचा चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला, त्याच्या गोष्टी इथे अजून सांगतात. म्हणून तलवार परत आली याचा आनंद मलाही झाला, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहिणार आहे ते काहींना रुचणार नाही.

पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लिहिले आहे : श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग. एवढ्या शब्दांवरून सर्व वर्तमानपत्रांनी ही तलवार नागपूरच्या गादीचे संस्थापक पहिले रघूजी यांची ठरवली. शासनाच्या माहितीतही तेच होते. पण लेखात ‘पहिले’ हा शब्द नाही, आणि असणारही नाही; कारण कोणताही राजा हयातीत स्वतःला पहिला म्हणवत नाही. पहिले रघूजी १७५५ मध्ये वारले. १७७२ मध्ये जानोजी वारल्यावर त्यांचे दत्तक पुत्र रघूजी, म्हणजे दुसरे, वारस झाले. सेनासाहेबसुभा हा किताब त्यांनाही होता आणि ते १८१६ पर्यंत जगले. तिसरे रघूजी इंग्रजांच्या छायेत गादीवर बसले आणि १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांना बाजूला ठेवले तरी एकाच नावाचे आणि एकाच किताबाचे दोन धनी उरतात, आणि दोघांमध्ये जवळजवळ दोन पिढ्यांचे अंतर आहे.

पहिल्या रघूजींच्या बाजूने काहीच नाही असे मी म्हणत नाही. बंगालवरच्या स्वाऱ्या त्यांनी काढल्या, अलिवर्दीखानाकडून १७५१ मध्ये बारा लाखांची चौथ त्यांनीच कबूल करून घेतली. युरोपीय पाते आणि मुल्हेरी मूठ ही जोडणीही त्यांच्या काळाला शोभते. मात्र ती दुसऱ्या रघूजींच्या काळालाही तितकीच शोभते, अडचण तिथेच आहे. पाते जुने, मूठ त्याहून नवी आणि अक्षरे त्याहूनही नवी असा प्रकार मराठी हत्यारांत सर्रास आढळतो. मूठ खिळखिळी झाली की लाख वितळवून पाते काढायचे आणि दुसऱ्या मुठीत बसवायचे, हे काम गावचा शिकलगारही करीत असे.

आता लेखातला शेवटचा शब्द पाहा. ‘फिरंग’ म्हणजे परदेशी, बहुधा युरोपातून आलेले सरळ पाते. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही पाती आली, पुढे इतरांनीही आणली. कारागिराने आपल्या कामाखाली सही करावी तसा हा लेख नाही. मालकाचे नाव, किताब आणि वस्तूचा प्रकार हा क्रम शिलेखान्यातल्या नोंदीचा वाटतो. या पात्यावर युरोपीय कारखान्याची खूण आहे असेही सांगितले गेले. अशा खुणांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या लोहारांनी इटली-स्पेनच्या नामांकित कारागिरांची नावे आपल्या पात्यांवर ठोकली, आणि आपल्याकडच्या लोहारांनी पुढे त्या खुणांचीही नक्कल केली.

इथे मला जपानची आठवण येते. तिथला लोहार आपले नाव कोरतो ते पात्याच्या शेपटावर, मुठीच्या आत. मूठ उतरवल्याशिवाय ते दिसत नाही. आणि सहीवर भाबडा विश्वास कोणी ठेवत नाही, कारण खोट्या सह्यांचा धंदा तिथे कित्येक शतके चालला आहे. पुष्कळ जुनी पाती पुढे शेपटाकडून आखूड केली गेली, त्यात मूळ सही कापली गेली. अशा बिनसहीच्या पात्यांचा कर्ता पोलादाचा पोत, धारेलगतची पाणी दिल्याची रेषा आणि पात्याची ठेवण पाहून ठरवतात. क्योतोच्या होनआमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. १७१९ मध्ये शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून नामवंत तलवारींची यादी त्यांनीच सिद्ध केली. ते जे प्रमाणपत्र देत त्याला ओरिगामी म्हणत, म्हणजे घडी घातलेला कागद. आपली मुले ज्या नावाखाली कागदाचे पक्षी करतात तोच हा शब्द.

१९४५ नंतर अमेरिकन ताब्यात असंख्य तलवारी जप्त झाल्या. उरलेल्या वाचाव्यात म्हणून खटपट करणाऱ्यांत होन्मा जुंजी आणि सातो कानिची हे अभ्यासक होते, आणि त्यातूनच १९४८ मध्ये कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. आज तिची परीक्षक समिती पात्याला चढत्या चार श्रेणींपैकी एखादी देते किंवा चक्क नाकारते. सही खोटी ठरली तर पाते सुंदर असूनही कागद मिळत नाही. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. या संस्थेच्या जुन्या रंगीत प्रमाणपत्रांवरचा विश्वास इतका उडाला की १९८२ मध्ये नवी पद्धत आणावी लागली. पण ‘नाही’ म्हणण्याची सोय तिथे आहे. आपल्याकडे वस्तू आली की मिरवणूक निघते. ‘बहुधा’ हा शब्द उच्चारणारा मनुष्य घरभेदी ठरतो.

तलवार देशाबाहेर गेली कशी, याचेही तेच झाले. नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती लुटीत गेली असावी, असा तर्क मांडला गेला. तर्क ठीक आहे. दोन दिवसांत मथळ्यांतून ‘असावी’ गळून पडले. वास्तविक दुसरी वाट तितकीच रुंद होती. १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावात गेले आणि जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. शिवाय नजराणे होतेच. लूट म्हटले की अभिमान दुखावतो आणि सुखावतोही, म्हणून ती गोष्ट टिकते. लिलावाची गोष्ट कोणाला सांगावीशी वाटत नाही.

हे सगळे लिहिण्याचा अधिकार मला पदवीने दिलेला नाही. दिला असलाच तर एका चुकीने. पंचविशीत असताना आमगावकडच्या एका घरी खंडेनवमीला गेलो होतो. देव्हाऱ्यात वडिलोपार्जित तलवार होती, गंजाने काळी पडलेली. जुन्या वस्तूंचा जाणकार म्हणून माझा तेव्हा थोडा बोलबाला होता. मी चिंच आणि राख मागवली, आणि घरच्या आजोबांच्या देखत तासभर पाते घासले. पाठीकडे दोन-तीन पिवळे ठिपके दिसले. मला वाटले, चिंचेचा डाग. आणखी घासले. पाते लख्ख झाले, आजोबांनी मला श्रीफळ दिले. ते ठिपके कशाचे असू शकतात हे कित्येक वर्षांनी, जपानी पद्धतीविषयी वाचताना उमगले. शेपटावरचा गंज तिथे कधीच काढत नाहीत, कारण वयाचा पुरावा त्या गंजातच असतो. त्या घरच्या तलवारीवर नाव होते का, कोणाचे होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

म्हणून रघोजींच्या तलवारीबाबत माझे म्हणणे अगदी साधे आहे. अक्षरे पात्यात कोरून सोने भरले आहे की वरून चढवले आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. अक्षरांची वळणे दोन्ही रघूजींच्या काळातल्या तारीखवार लेखांशी ताडावीत. मूठ न उतरवता क्ष-किरणांनी आतले शेपूट पाहता येते, तिथे जोड किंवा खूण आहे का तपासावे. त्याच धर्तीच्या लेखाची दुसरी हत्यारे संग्रहालयांत असतील तर ती शेजारी ठेवावीत. आणि हे होईपर्यंत काचेच्या पेटीवरच्या पाटीत नावापुढे ‘पहिले’ लिहू नये. तलवार दुसऱ्या रघूजींची निघाली तरी ती नागपूरचीच राहील, आणि मोजलेले पैसेही वाया गेले असे मी म्हणणार नाही.

आमगावकडच्या त्या घरी मी अजून दसऱ्याला जातो. आजोबा गेले; नातू आता तलवारीला खोबरेल लावतो, कारण ती मी लख्ख केल्यापासून लवकर गंजते. यंदा त्याने मोबाइलवर रघोजींच्या तलवारीचे छायाचित्र दाखवले आणि विचारले, “काका, आपलीवर बी असंच काही लिवलं होतं का?” मी त्याला चिंचेची सगळी हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आजोबांना ठाऊक होतं का?”