घरांचा इतिहास, पण कोणाचा?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातील सवाना नगरीवरील जॉन बेरेंट यांचे ‘मिडनाइट इन द गार्डन ऑफ गुड अँड इव्हिल’ हे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले आणि कमालीचे लोकप्रिय ठरले. जुन्या वास्तूंविषयी आस्था असणाऱ्याने ते अवश्य वाचावे, मात्र सावधपणे.

१७३३ साली जेम्स ओगलथॉर्प यांनी वसविलेल्या या नगरीची रचना चौकांभोवती झाली. एकंदर २४ चौकांपैकी आज २२ उरले आहेत. १९५४ साली वाहनतळासाठी तेथील जुना बाजार पाडला गेला, तेव्हा गाव हळहळले. पुढच्याच वर्षी सात महिलांनी संस्था स्थापून डेव्हनपोर्ट यांचे १८२० सालचे घर वाचविले. येथून वास्तुरक्षणाची चळवळ उभी राहिली.

बेरेंट यांचे सामर्थ्य असे की, त्यांच्या लेखणीत घर हेच पात्र होते. मर्सर हाउस ज्या सेनानीसाठी बांधावयास घेतले, तो त्यात कधी राहिलाच नाही. १९६९ साली ते घेऊन जिम विल्यम्स यांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि १९८१ साली त्याच घरात त्यांच्या हातून एक तरुण मारला गेला. चार खटल्यांनंतर ते निर्दोष सुटले. हे सारे लेखकाने विलक्षण रंगविले आहे.

दोष दोन. घटनाक्रमात फेरफार केल्याची कबुली लेखक स्वतःच देतो. म्हणून ह्यास इतिहास म्हणता येत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर. कृष्णवर्णीय माणसे पुस्तकात भेटतात, त्यांच्या वस्त्यांचा उल्लेखही येतो. पण लेखकाची नजर रेंगाळते ती दिवाणखान्यांतच. कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचे केंद्र असलेला वेस्ट ब्रॉड रस्ता महामार्गाच्या उड्डाणपुलाने उद्ध्वस्त केला. तेथील रेल्वेस्थानक १९६३ साली पाडले गेले. त्या वस्तीच्या वाट्याला असा भाष्यकार आला नाही. सवानाने मात्र पुढे स्वतःत दुरुस्ती केली. ओवेन्स-थॉमस यांच्या १८१९ सालच्या घराच्या नावातच आता गुलामांच्या निवासाचा उल्लेख आहे.

नोकरीत मी आयुष्यभर मिळकतींची दप्तरे चाळली. त्यांत मालकाचे नाव असते; जोत्याचा दगड घडविणाऱ्या पाथरवटाचे नसते. आपल्या पूर्वजांच्या वाड्यांविषयी आपण याच अंकांतून अभिमानाने लिहितो. त्या वाड्यांत पाणी भरणाऱ्यांविषयी आपण किती ओळी लिहिल्या, हा प्रश्न सवानाच्या निमित्ताने प्रथम स्वतःस विचारावा.