हरण्याची घाई

वर्ध्यानजीक सावंगी (मेघे) येथील एका स्पर्धेत दोन हौशी खेळाडूंत झालेल्या बुद्धिबळाच्या डावाचे टिपण आमच्यासमोर आहे. दोघेही नावारूपास आलेले खेळाडू नव्हेत. तथापि त्या डावाचा शेवट मननीय वाटल्यावरून त्याचे परीक्षण येथे करीत आहो.

अखेरीस पांढऱ्याजवळ राजा, पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट आणि राजाच्या बाजूचे अगदी कडेचे प्यादे उरले होते. काळ्याजवळ एकटा राजा. परंतु तो प्याद्याच्या वाटेवरील कोपऱ्यात येऊन बसलेला. येथे काळ्याने डाव सोडला! वास्तविक ज्या घरात त्या प्याद्याचा वजीर व्हावयाचा, ते कोपऱ्याचे घर काळे. पांढऱ्या घरांवरील उंट तेथून राजास कधीच हुसकावू शकत नाही; फार कोंडल्यास राजास शह नसता हलावयास घर उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. तेव्हा हा विजय प्रतिपक्षाने आपण होऊन बहाल केला, असेच म्हणावे लागते.

वजीर-हत्तींच्या मारामारीस आपल्याकडे वाहवा मिळते. डावाच्या शेवटाचा अभ्यास रुक्ष मानला जातो. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा डावाचे शेवट आपणास अजून शिकले पाहिजेत, असे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. विजेतीस जी उणीव कबूल करण्यात कमीपणा वाटला नाही, ती भरून काढण्याचा कंटाळा हौशी खेळाडूंनी का करावा?

काळ्याचा बाकीचा खेळ चिवट आहे. पुढील खेपेस हार मान्य करून सही करण्यापूर्वी त्याने कोपऱ्यातील घराचा रंग तेवढा पाहावा.