दाइयूचे अश्रू आणि बाओयूची परीक्षा

जुनी थोर कादंबरी घ्यावी, तिच्यातल्या माणसांना आजचे कपडे चढवावे आणि प्रेमपट काढावा, हा मोह चित्रपटसृष्टीला नेहमीच होतो. शरदबाबूंच्या 'देवदास'वरून २००९ साली निघालेला 'देव डी' याच मोहाचे अपत्य. चिनी भाषेत तर या कामासाठी 'लाल महालाचे स्वप्न' ही कादंबरी हात जोडून उभी आहे.

अठराव्या शतकातल्या छाओ श्वेछिनची ही कृती १७९१ साली प्रथम छापली गेली. प्रकरणे १२०, पात्रे चारशेंहून अधिक! हॉक्स आणि मिनफर्ड यांच्या इंग्रजी भाषांतराचे पाच खंड मी शाळेच्या सुट्ट्यांत वाचले. चित्रपटाला एवढा पसारा पेलत नाही. मग उरतात तिघे: जिया घराण्याचा लाडका बाओयू, त्याची पोरकी आतेबहीण दाइयू आणि शहाणी मावसबहीण बाओचाय. आते-मामे भावंडांचे लग्न आपल्याला नवलाचे नाही, म्हणून ही कथा मराठी वाचकाला चटकन जवळची वाटते. घरची मंडळी बाओयूला सांगतात, तुझे लग्न दाइयूशीच. प्रत्यक्षात बुरख्याआड असते बाओचाय. आणि त्याच घटकेला तिकडे दाइयू प्राण सोडते.

१९६२ सालच्या छन फान यांच्या संगीतपटात बाओयूची भूमिका शू यूलान या अभिनेत्रीने केली, म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या नेमके उलट! तो काळ जुनाच ठेवलेला होता. म्हणून बुरखा आणि फसवणूक दोन्ही शोभली. परंतु आजच्या शांघायमध्ये हे कसे घडावे? १९५० च्या कायद्याने चीनमध्ये वडीलधाऱ्यांनी लादलेली लग्ने बंद केली, आणि आता तर खिशाखिशांत फोन. पटकथाकार येथे अडतो आणि मग एखादा खलनायक शोधू लागतो.

माझ्या मते तो चुकीच्या दाराशी उभा आहे. बाओयूला दाइयूच का हवी, हा प्रश्न त्याने आधी विचारावा. तिच्या सौंदर्यामुळे नव्हे, कवितांमुळेही नव्हे. घरात बाप रागावतो, बाओचाय गोडीने समजावते: परीक्षेचा अभ्यास कर, अधिकारी हो, घराण्याचे नाव राख. एकटी दाइयू असे कधी म्हणत नाही. त्याला कामाचा माणूस बनवण्याचा विचारही तिच्या मनात येत नाही. मी पेशाने शिक्षक. हे लिहिताना जीभ जरा अडखळते, पण या प्रेमाचे मर्म तेच आहे. आणि फसवणूक करते कोण? तर त्याच्यावर जीव टाकणारी आजी आणि तिची माणसे. मुलाचे भले व्हावे, त्याला वळण लावणारी सून मिळावी, एवढीच त्यांची इच्छा. दाइयूची बाजू मांडायला मात्र आई नाही, बाप नाही.

यातले काय जुने झाले? चीनमध्ये दरवर्षी जूनमध्ये विद्यापीठप्रवेशाची 'गाओखाओ' परीक्षा होते आणि लक्षावधी घरांचा श्वास अडकून राहतो. मायेपोटी मुलांचे मन मोडणारी माणसे तर कुठल्याही गल्लीत भेटतील. बुरखा खुशाल टाकावा, फोन खुशाल आणावे. परीक्षा आणि माया मात्र गाळू नये. ती गाळली की दाइयू नुसती खोकणारी, रडणारी मुलगी उरते, आणि तशा मुली पडद्यावर आपण पुष्कळ पाहिल्या आहेत.

शेवटही कादंबरीने तयार ठेवला आहे. बाओयू अखेर परीक्षेला बसतो, वरच्या क्रमांकाने उत्तीर्णही होतो. आणि परीक्षेच्या मंडपातून घरी न परतता संन्यासी होऊन निघून जातो. घराला हवे ते सारे तो देतो, फक्त स्वतःला देत नाही. मागे राहते गर्भवती बाओचाय, जिचा यात काडीचाही दोष नव्हता. निकालाच्या यादीत नवऱ्याचे नाव वाचणारा तिचा चेहरा जो दिग्दर्शक दाखवील, त्याने कादंबरी वाचली आहे असे मी समजेन.