चवीचा निर्णय आणि तारकांची सरासरी

साहित्यविचारात ‘रस’, ‘रुची’, ‘आस्वाद’ हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, ते मूळचे जिभेच्या व्यवहारातले आहेत याचा आपणांस विसर पडतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना विशद करताना नाना व्यंजनांनी संस्कारिलेल्या अन्नाचाच दृष्टांत घेतला आहे. जिभेच्या व्यवहारात काही मूलगामी पालट होत असेल, तर साहित्याच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये. असा एक पालट स्मार्टफोनमुळे घडून आला आहे. वाइनची पारख, तिच्याविषयीची माहिती आणि तिची खरेदी या तिन्ही गोष्टी आता एकाच अ‍ॅपच्या द्वारे होऊ शकतात. मद्यपान इष्ट की अनिष्ट हा प्रश्न स्वतंत्र व गंभीर आहे. त्याचा निर्णय येथे द्यावयाचा नाही. अशा अ‍ॅपमध्ये ‘चांगले’ या शब्दाला कोणता अर्थ उरतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे ‘वाइन शॉप’ ही पाटी सर्व प्रकारच्या मद्याच्या दुकानावर लागते आणि आत द्राक्षांच्या वाइनला बहुधा थोडीच जागा मिळते. तथापि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि पुढे नाशिक हे या धंद्याचे देशातील प्रमुख केंद्र बनले. ज्या प्रदेशात वाइनची घरगुती परंपरा आहे, तेथे तिच्या चवीचे शिक्षण वडीलधाऱ्यांच्या पंगतीतच मिळते. खानदेशात तशी परंपरा नाही. येथील नव्या ग्राहकाला पडद्यावरचा आकडा हाच बहुधा पहिला गुरू आणि कित्येकदा अखेरचाही. म्हणून हा प्रश्न फ्रान्सपेक्षा आपल्याकडेच अधिक तीव्रतेने उभा राहतो.

या अ‍ॅपांपैकी ‘विव्हिनो’ हे विशेष प्रसिद्ध असून ते २०१० साली डेन्मार्कमध्ये सुरू झाले. बाटलीवरील लेबलाचे छायाचित्र घेतले की त्या वाइनचा उत्पादक, द्राक्षाची जात, प्रदेश, साधारण किंमत आणि पाचांपैकी मिळालेल्या तारकांची सरासरी समोर येते. ग्राहकांनी लिहिलेले अभिप्राय वाचता येतात. ती वाइन आपणांस कितपत आवडेल याचे भाकितही केले जाते. ज्या देशांत कायद्याची अनुमती आहे तेथे तेथूनच खरेदी करता येते. महाराष्ट्रात हा सर्व व्यवहार १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत चालत असल्यामुळे अ‍ॅपचा उपयोग मुख्यतः माहितीपुरता व निवडीपुरता राहतो. परंतु निवड हीच तर अभिरुचीची कृती होय.

सौंदर्यविचारातील दोन थोर तत्त्वज्ञांनी चवीच्या निर्णयाची चर्चा करताना वाइनचेच उदाहरण घेतले आहे. कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, कॅनरी बेटांची वाइन रुचकर आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडला पाहिजे. कारण केवळ रुचकरतेच्या क्षेत्रात ज्याची त्याची आवड वेगळी असते. तिच्यावरून कोणी कोणाशी वाद घालू नये. ह्यूमने १७५७ च्या निबंधात याउलट ‘डॉन क्विक्झोट’मधील एक कथा उपयोजिली. सांको पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातील वाइन चाखावयास दिली. एकाने ती उत्तम ठरवली, पण तिला किंचित चामड्याची चव आहे असे सांगितले. दुसऱ्याला तीत लोखंडाची चव जाणवली. लोकांनी दोघांचीही थट्टा केली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा त्याच्या तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली एक जुनी किल्ली सापडली.

या कथेचे मर्म त्या दोघांच्या जिभेच्या तीक्ष्णतेत जितके आहे, तितकेच त्यांच्या बोलण्याच्या स्वरूपात आहे, असे मला वाटते. ‘वाइन चांगली आहे’ एवढेच म्हणून ते थांबले असते, तर पिंपाच्या तळाशी काहीही सापडले तरी त्यांचे म्हणणे खरे किंवा खोटे ठरले नसते. त्यांनी कारण सांगितले, म्हणून त्यांचा निर्णय पडताळणीस पात्र झाला. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु जाणकार खवय्या त्या मानांकनावर विसंबत नाही. वांगे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर न भाजता गॅसवर भाजले आहे, असे तो पहिल्या घासाला सांगतो. हे विधान चुकीचे असू शकते, आणि चुलीपाशी जाऊन ते तपासता येते. जे चुकू शकते तेच ज्ञान होऊ शकते. ‘भरिताला पाचांपैकी चार’ हे विधान मात्र कधी चुकतच नाही, आणि म्हणूनच ते काही शिकवीतही नाही.

आता अ‍ॅपच्या आकड्याची घडण पाहू. प्रत्येक ग्राहक तारका देतो तेव्हा तो कांटच्या अर्थाने ‘मला रुचले’ एवढेच सांगतो. अशा हजारो ‘मला’ची बेरीज करून भागाकार केला की ‘मला’ हा शब्द गळून पडतो आणि उरलेला आकडा ह्यूमच्या निकषाचा वेष धारण करून समोर येतो. खाजगी आवडींचे रूपांतर वस्तुगुणाच्या विधानात झाल्याचा भास होतो. पण त्या रूपांतराला आधार देणारे कारण कोठेही दिलेले नसते. दहा जणांपैकी पाचांनी पाच आणि पाचांनी एक तारका दिली तरी सरासरी तीन. दहाही जणांनी तीन दिल्या तरी सरासरी तीनच. पहिली वाइन उग्र व वादग्रस्त असेल, दुसरी केवळ निरुपद्रवी असेल. खरेदीदाराला दोन्ही सारख्याच दिसतात. अभिप्रायांचे शब्द अ‍ॅपमध्ये असतात हे खरे. परंतु सरासरी तारकांची निघते, शब्दांची निघत नाही.

येथे धुळ्याच्या मातीतली एक शिस्त उपयोगी पडावी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा अस्सल कागदपत्रांच्या कसोटीवर बखरींची झाडाझडती घेतली. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ त्याच परंपरेचे स्मारक होय. त्या शिस्तीतून निघणारा एक नियम असा की, दहा बखरींनी एकमेकींवरून एकच मजकूर उतरवून घेतला असेल, तर ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच होय. अ‍ॅपमधील साक्षी कितपत स्वतंत्र असतात? जो ग्राहक तारका देण्यापूर्वी आधीची सरासरी व किंमत पाहतो, तो चाखण्याआधीच निम्मा निर्णय वाचून बसलेला असतो. शिवाय जी संस्था गुणांकन प्रसिद्ध करते तीच विक्रीचीही सोय करते, तेव्हा साधनाच्या हेतूची चिकित्सा करणे हे संशोधकाचे कर्तव्यच ठरते. अशा साक्षीचे मूल्य शून्य नव्हे; परंतु ती साक्ष आहे, निकाल नव्हे.

दुसरा मुद्दा लेबलाचा. अ‍ॅपचा व्यवहार जिभेपासून नव्हे, नावापासून सुरू होतो. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना नावे झाकून वाइन चाखावयास दिल्या, तेव्हा तांबड्या आणि पांढऱ्या या दोन्ही वर्गांत त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिले स्थान दिले. नावे उघडी असती तर हा निकाल संभवनीय नव्हता. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्या अभिप्रायांवरून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध केला, तोही याच सूत्राने. नाव झाकले की वाचक उघडा पडतो. आणि ज्याला लेबलच नाही त्याचे काय? सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाच्या फुलांचे जे पेय परंपरेने गाळले जाते, त्याची चव जाणणारे लोक आहेत. अ‍ॅपच्या दृष्टीने मात्र ते पेय अस्तित्वातच नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. तज्ज्ञांच्या निर्णयांत तरी कोठे सुसंगती असते? रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील एका राज्यस्तरीय स्पर्धेत एकाच बाटलीतील वाइन त्याच परीक्षकांना न सांगता तीनदा दिली; २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार जेमतेम दहा टक्के परीक्षक आपल्या गुणांशी सुसंगत राहिले. रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ साली सुरू केलेल्या नियतकालिकातून शंभर गुणांची पद्धत रूढ केली आणि एका व्यक्तीच्या जिभेने पुढे जगभरच्या किमती हलवल्या. त्या एकाधिकारातून सामान्य ग्राहकाची सुटका अ‍ॅपने केली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु हॉजसन यांच्या प्रयोगात जे कोसळले ते मुख्यतः गुणांकन होते, म्हणजे अ‍ॅपने जे स्वीकारले तेच. पार्कर यांच्या आकड्याशेजारी त्यांचे नाव आणि त्यांचे शब्द असत. त्यांच्याशी भांडता येत असे. सरासरीशी भांडावयाचे झाल्यास कोणाशी भांडावे?

अखेरीस शब्दांचा प्रश्न उरतो, आणि आपल्या विभागाच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. वाइनच्या अभिप्रायांत ब्लॅकबेरी, ओकचे लाकूड, व्हॅनिला ही उपमाने पुनःपुन्हा येतात. ज्याने ब्लॅकबेरी कधी चाखली नाही असा जळगावचा तरुण ‘ब्लॅकबेरीची छटा’ असे लिहितो, तेव्हा तो चव सांगत नाही, लेबलच वाचून दाखवतो. त्याच्या जिभेला जांभूळ, करवंद, कवठ, चिंच ठाऊक आहेत; पहिल्या पावसाने भिजलेल्या काळ्या मातीचा वास ठाऊक आहे. त्याने ‘जांभळाचा तुरटपणा’ म्हटले तर शेजारचा माणूस घोट घेऊन ‘नाही, हा करवंदाचा आंबटपणा’ असे म्हणू शकेल. त्या वादातून अभिरुची घडते. सरासरीत असा वाद संभवतच नाही. १९३० च्या दशकात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराची धुरा वाहिलेले कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी रसकल्पनेवरील आपल्या निबंधात रसानुभव हा व्यक्तिगत भावनेपलीकडचा मानला आहे. त्या पलीकडे जाण्याची वाट व्यक्तीला वगळून जात नाही. आपला अनुभव दुसऱ्याला तपासता येईल अशा शब्दांत मांडणाऱ्या व्यक्तीच्या द्वाराच ती जाते.

विद्यार्थी कादंबरीची निवडही आज तारका पाहून करू लागले आहेत आणि उसन्या परिभाषेत प्रबंध लिहिणे तर त्याहून जुने आहे. दोहोंत दोष एकच: निर्णय आहे, पण त्याच्या तळाशी किल्ली नाही. म्हणून आकडा जरूर वाचावा, परंतु साधन म्हणून वाचावा. तो कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने दिला ते विचारावे. आणि स्वतःचा निर्णय देताना, तो वाइनचा असो की कवितेचा, चुकीचा ठरू शकेल असे एक तरी कारण त्याला जोडावे. समीक्षेची किमान प्रतिज्ञा एवढीच आहे.