मोकळीक कोणाला?

“मुलांना टी.व्ही. हवा तेवढा पाहू द्यावा. मनाई केली की ओढ वाढते, मोकळे सोडले की आपोआप कंटाळतात.” पालकसभेत हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो करणारे पालक बेफिकीर नसतात. मुलांवर विश्वास टाकणारे, छडीला विरोध करणारे, म्हणजे एरवी आमच्याच बाजूचे असतात. म्हणूनच तो तपासायला हवा.

मनाईने ओढ वाढते, हे आम्हाला मान्य आहे. आक्षेप आहे तो ‘आपोआप’ या शब्दाला. मातीत खेळणारे मूल नियम स्वतः ठरवते. कंटाळा आला की खेळ बदलते. टी.व्ही.समोर कंटाळा येण्याआधीच दृश्य बदलते. काही अचानक हलले की लक्ष तिकडे जाते, ही उपजत प्रतिक्रिया आहे. पावलॉव्हने तिचा अभ्यास केला होता. जाहिराती तिच्यावरच पोसल्या जातात. (एका मिनिटाच्या जाहिरातींत दृश्य किती वेळा बदलते, ते आवाज बंद करून मोजायला मुलांना सांगावे. आकडे फळ्यावर मांडले की चर्चा मुलेच सुरू करतील.) मग मोकळीक मिळाली ती मुलाला की कार्यक्रम बनवणाऱ्याला?

कार्यक्रम चांगले असले की झाले, असेही म्हणतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरांमुळे एका गावात १९७३ पर्यंत टी.व्ही. दिसत नव्हता. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी प्रक्षेपण पोहोचण्यापूर्वी आणि नंतर दोन वर्षांनी तेथील मुलांची पाहणी केली. गावाला टोपणनाव दिले ‘नोटेल’. तेथे एकच वाहिनी आली, तीही सार्वजनिक. तरी मुलांमधील मारामारी वाढली, खेळांतला सहभाग घटला आणि एखाद्या वस्तूचे निरनिराळे उपयोग सुचवण्याच्या चाचणीत मुले मागे पडली. एका गावावरून जगाचा नियम काढू नये, हे खरे. पण टी.व्ही. येण्यापूर्वीची नोंद हाताशी असलेले असे अभ्यास फार थोडे आहेत.

आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पॅट्रिशिया कुल यांचा २००३ मधील प्रयोग. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषक व्यक्ती बारा वेळा खेळल्या, बोलल्या. बाळे त्या भाषेतले परके ध्वनी वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तेच बोलणे पडद्यावर दाखवले. त्या गटाने काहीच आत्मसात केले नाही. दहा वर्षांच्या मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. मोठी मुले पडद्यावरून शिकतात. परंतु समोरचे माणूस आपल्याकडे पाहून बोलते, थांबते, उत्तराची वाट पाहते. पडदा वाट पाहत नाही.

म्हणून ‘रोज किती तास पाहता?’ याआधी शिक्षकांनी ‘कोणाबरोबर पाहता?’ असे विचारावे. शेजारी बसा, हे पालकांना सांगणे सोपे आहे. संध्याकाळी कामावरून येऊन चूल पेटवणाऱ्या आईला ते जमणार कसे? तिला पोळ्या लाटता लाटता एवढे मात्र विचारता येईल, “काय झालं रे आज त्या गोष्टीत?” आणि मूल सांगू लागले की टी.व्ही. बंद करता येईल.